वाचकांचे प्रश्न : दोन्ही डोळ्यांचा मेळ आणि व्हिजन थेरपी

डोळ्यांविषयी येणाऱ्या पत्रांत चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू आणि डोळ्यांचा कोरडेपणा हे विषय नेहमीचे असतात. अलीकडे मात्र दोन्ही डोळे एकमेकांच्या साथीने काम करत नसल्याच्या तक्रारी आणि त्यावर सुचवल्या जाणाऱ्या व्हिजन थेरपीविषयीच्या, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मेळ सुधारण्यासाठी करून घेतल्या जाणाऱ्या सरावाविषयीच्या, शंका वाढल्या आहेत. काही वाचकांना ही थेरपी रामबाण वाटते, तर काहींना ती निव्वळ धूळफेक वाटते. या दोन्ही टोकाच्या समजुतींमुळे मुलांचे नुकसान होते, म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. नजर तपासली तेव्हा दोन्ही डोळ्यांनी तिने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, त्यामुळे नंबर नाही असे सांगण्यात आले. तरीही दहा मिनिटे वाचले की तिचे कपाळ दुखते, ओळ हरवते, अक्षरे हलतात असे ती म्हणते आणि पुष्कळदा एका डोळ्यावर हात ठेवून वाचते. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. एका ऑप्टोमेट्रिस्टने व्हिजन थेरपी सुचवली आहे, पण घरातल्या मंडळींना हे थोतांड वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या मुलीची तक्रार खरी मानून पुढची तपासणी करावी, हे सर्वांत आधी सांगते. नजर तपासताना तक्ता साधारण ६ मीटर अंतरावर असतो आणि एकेक डोळा झाकून तो वाचायला सांगतात. त्यातून प्रत्येक डोळ्याला लांबचे किती बारीक दिसते एवढेच कळते. पुस्तक मात्र ३० ते ४० सेंटिमीटरवर, दोन्ही डोळ्यांनी आणि बराच वेळ सलग वाचायचे असते. त्यामुळे तक्ता बिनचूक वाचणाऱ्या मुलालाही वाचनाचा त्रास होऊ शकतो आणि त्या दोन गोष्टींत काहीही विसंगती नाही.

प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात आणि मेंदूतून निघणाऱ्या तीन नसांच्या जोड्या त्यांना आज्ञा पोहोचवतात. जवळ पाहताना दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने आत वळतात, डोळ्यातले भिंग अधिक फुगीर होऊन जवळचा फोकस साधते आणि बाहुल्या लहान होतात. या तिन्ही क्रिया एकमेकींशी बांधलेल्या आहेत. डोळे नेमके हवे तेवढेच आत वळले, तरच दोन डोळ्यांतली दोन चित्रे मेंदूत एकमेकांवर बसून एक होतात. काही मुलांचे डोळे जवळ पाहताना बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात आणि त्यांना आत वळवून धरण्याची क्षमता अपुरी पडते. या दोषाला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. एकाच जुवाला जुंपलेल्या जोडीतला एक बैल जरासा मागे रेंगाळला तर गाडी लगेच थांबत नाही, पण जोडी लवकर दमते. तसेच हे मूल पहिले पान नीट वाचते आणि तिसऱ्या पानावर डोके धरून बसते. मेंदू सरकणाऱ्या डोळ्यांना क्षणोक्षणी जागेवर आणत राहतो, त्या श्रमाने कपाळ दुखते, आणि तो प्रयत्न फसला की शब्द हलतात, धूसर होतात किंवा दोन-दोन दिसतात.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील म्हणजे मुलीने एका डोळ्यावर हात ठेवून वाचणे. एक डोळा झाकला की दोन चित्रे जुळवण्याचे कामच उरत नाही. तसे केल्यावर अक्षरे स्थिर होत असतील, तर दोष एकेका डोळ्यात नसून त्यांच्या मेळात असण्याची शक्यता वाढते. मुले हा उपाय स्वतःच शोधून काढतात आणि आपण त्यांना नीट बसून वाचण्याबद्दल रागावतो. ज्या मुलाला जन्मापासून असेच दिसत आले आहे, त्याला अक्षरे हलणे ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे हेही ठाऊक नसते, म्हणून ते विचारावे लागते.

तपासणीला जाताना पुढील गोष्टी मोजल्या जातील याची खात्री करून घ्या. पहिली गोष्ट म्हणजे डोळे आत वळण्याची मर्यादा. एखादे बारीक टोक नाकाच्या दिशेने हळूहळू आणतात आणि ते कोठे दोन दिसते किंवा कोणता डोळा कोठे बाहेर निसटतो ते अंतर मोजतात. बहुतेक निरोगी मुलांचे डोळे सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत जुळून राहतात. दोष असलेल्या मुलांचे त्याहून बरेच आधी सुटतात. दुसरी म्हणजे डोळा आळीपाळीने झाकून, लांब आणि जवळ अशा दोन्ही अंतरांवर, डोळा किती सरकतो ते पाहणे. तिसरी म्हणजे प्रिझमच्या, म्हणजे प्रकाशाची दिशा वळवणाऱ्या काचांच्या, पट्टीने डोळे जुळवून धरण्याची राखीव क्षमता मोजणे. त्याखेरीज फोकस साधण्याची ताकद, खोलीची (कोणती वस्तू जवळ, कोणती लांब याची) जाणीव आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून काढलेला नंबरही हवा, कारण मुलांत प्लसचा नंबर भिंगाच्या जोरावर लपून राहू शकतो आणि त्याचीही लक्षणे अशीच असतात. तसे असेल तर आधी चष्मा द्यावा लागेल.

आता थोतांडाच्या शंकेविषयी. कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सीबाबत अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर काळजीपूर्वक केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांचे चार गट केले होते. एका गटाला दर आठवड्याला केंद्रात तासभर प्रशिक्षित व्यक्तीकडून थेरपी आणि घरी रोजचा सराव होता. दुसऱ्याला घरी फक्त पेन्सिलचा व्यायाम. तिसऱ्याला घरी संगणकावरचे व्यायाम आणि जोडीला पेन्सिल. आणि चौथ्याला केंद्रात दिलेली, खऱ्यासारखी दिसणारी पण डोळ्यांच्या मेळावर परिणाम न करणारी थेरपी. बारा आठवड्यांनंतर लक्षणे आणि मोजमापे दोन्ही धरून पाहता पहिल्या गटातली ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. उरलेल्या तीन गटांत हे प्रमाण अनुक्रमे ४३, ३३ आणि ३५ टक्के होते. नीट निदान झालेल्या मुलाला नीट दिलेली थेरपी उपयोगी पडते, हे यातून स्पष्ट होते. मात्र खोट्या थेरपीनेही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुले सुधारलेली आढळली, याकडेही लक्ष द्यायला हवे. लक्ष दिले गेले, वेळ गेला, तक्रार ऐकली गेली, एवढ्यानेही काही मुलांना बरे वाटते. त्यामुळे ‘अमक्याच्या मुलाला गुण आला’ हा थेरपीच्या बाजूने पुरावा नव्हे आणि ‘तमक्याला आला नाही’ हा तिच्या विरोधातही नव्हे. तुमच्या मुलीच्या बाबतीत मोजमापे दोष दाखवत असतील, तर थेरपी अवश्य सुरू करा.

प्रश्न : व्हिजन थेरपीत नेमके काय करतात? डोळ्यांचे स्नायू कमकुवत असतात म्हणून ते बळकट करायचे असतात का? आणि हे किती काळ चालते?

उत्तर : स्नायू बळकट करण्याची कल्पना सर्वत्र रूढ आहे, पण ती बरोबर नाही. डोळा वळवायला जेवढी ताकद लागते त्याहून कितीतरी अधिक ताकद त्या स्नायूंत मुळातच असते. कमी पडतो तो त्यांच्यावरचा ताबा. दोन चित्रे एकमेकांपासून किती सरकली आहेत हे मेंदूने ओळखायचे आणि त्या प्रमाणात डोळे वळवायचे, हे कौशल्य थेरपीत शिकवले जाते. म्हणून थेरपी ही कसरत कमी आणि शिकवणी जास्त असते.

यातला एक जुना आणि अतिशय साधा व्यायाम जवळून पाहिला तर सगळे तत्त्व लक्षात येते. ब्रॉक यांच्या नावाने ओळखली जाणारी ही दोरी असते. तिच्यात वेगवेगळ्या रंगांचे तीन मणी ओवलेले असतात. दोरीचे एक टोक दाराच्या मुठीला बांधायचे आणि दुसरे ताणून नाकाच्या शेंड्याशी धरायचे. आता मधल्या मण्याकडे पाहिले की, डोळे बरोबर जुळलेले असतील तर तो मणी एकच दिसतो, परंतु दोरी मात्र दोन दिसतात आणि त्या नेमक्या त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतात. जवळचा आणि लांबचा मणी त्याच वेळी दोन-दोन दिसतात, आणि हे दोन दिसणे अगदी निरोगी आहे. दोन दोऱ्या मण्याच्या पलीकडे छेदत असतील, तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. मण्याच्या अलीकडे छेदत असतील, तर गरजेपेक्षा जास्त वळले आहेत. एक दोरी मध्येच पुसली जात असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र दाबून टाकतो आहे. आपले डोळे या क्षणी कोठे रोखलेले आहेत हे एरवी कुणालाच जाणवत नाही. दोरी ते मुलाला दाखवून देते. ते दिसू लागले की मूल स्वतःच छेद मण्यावर आणण्याचा प्रयत्न करते. तो जमला की मणी नाकाकडे सरकवतात, मग एका मण्यावरून दुसऱ्यावर झटकन नजर न्यायला सांगतात.

पुढे लाल-हिरव्या किंवा ध्रुवीकृत चष्म्यातून पाहायची जोडचित्रे येतात, ज्यांत प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवून ती दोन्ही हळूहळू लांब सरकवतात आणि मुलाने ती एकत्र धरून ठेवायची असतात. प्लस आणि मायनस भिंगांची जोडी आलटूनपालटून डोळ्यांसमोर धरून फोकस बदलण्याचा सराव असतो. शेवटच्या टप्प्यात हेच सारे बोलत असताना, हालचाल करत असताना करायचे असते, कारण वाचताना मुलाचे लक्ष मजकुराकडे असायला हवे, डोळ्यांकडे नव्हे.

साधारणपणे १२ ते १६ आठवडे, आठवड्यातून एक किंवा दोन बैठका आणि घरी आठवड्यातले पाच दिवस सुमारे १५ मिनिटे, असा क्रम असतो. घरचा सराव बुडाला की बैठकांचा उपयोग पुष्कळ कमी होतो. पालकांनी शेजारी बसणे हा या उपचाराचाच भाग समजावा. ही पद्धत काल-परवा निघालेली नाही. व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवणारे उपकरण) जगापुढे मांडला आणि त्याच शतकात फ्रान्समध्ये झावाल यांनी तो तिरळेपणाच्या व्यायामांसाठी वापरला. पुढे विसाव्या शतकात ऑर्थोप्टिक्स, म्हणजे डोळ्यांच्या मेळाची तपासणी आणि उपचार, हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. त्यातल्या साऱ्याच दाव्यांना पुरावा होता असे नव्हे, पण मूळ तत्त्व कसून तपासले गेलेले आहे.

प्रश्न : आमच्या जवळपास थेरपीचे केंद्र नाही. मोबाइलवर पाहून मुलाकडून पेन्सिलचा व्यायाम करून घेतो. तो पुरेसा आहे का?

उत्तर : वर दिलेल्या चाचणीत फक्त पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्या मुलांचा निकाल खोट्या थेरपीपेक्षा निश्चितपणे सरस ठरला नाही, हे मान्य करायला हवे. तरीही दुसरा मार्ग नसेल तर तो करून पाहण्यात गैर नाही, फक्त तो नीट केला पाहिजे. बहुतेक घरांत तो चुकीच्या रीतीने होतो.

पेन्सिलवर एक लहान अक्षर चिकटवा. हाताच्या अंतरावरून ती नाकाकडे सावकाश आणायची आणि अक्षर स्पष्ट व एकच राहील असे पाहायचे. दोन दिसू लागताच थांबून ते पुन्हा एक करण्याचा प्रयत्न करायचा. तरीही जमले नाही तर थोडे मागे जाऊन परत यायचे. पुष्कळ मुले दोन दिसत असतानाही पेन्सिल नाकापर्यंत नेतात आणि व्यायाम झाला असे समजतात. त्याहून फसवी गोष्ट अशी की काही मुलांचा एक डोळा बाहेर निसटतो, मेंदू त्याचे चित्र दाबून टाकतो आणि मूल प्रामाणिकपणे ‘एकच दिसते’ असे सांगते. हे ओळखण्यासाठी पेन्सिलच्या मागे लांबवर एखादी ठळक वस्तू ठेवा. मूल पेन्सिलकडे पाहत असताना ती मागची वस्तू त्याला दोन दिसायला हवी. ती एकच दिसत असेल तर एक डोळा कामातून बाहेर गेला आहे आणि तो व्यायाम वाया जातो आहे. तुम्ही समोर बसून मुलाच्या दोन्ही डोळ्यांकडे पाहत राहा. निसटणारा डोळा तुम्हाला स्पष्ट दिसेल.

महिन्यातून एकदा तरी मोजमापे करून घ्या, मग त्यासाठी थोडा प्रवास करावा लागला तरी चालेल. दोन-तीन महिन्यांत आकडे हलले नाहीत तर हा व्यायाम तसाच रेटत राहू नका. वाचनासाठी प्रिझमचा चष्मा देण्याविषयीही काही वाचकांनी विचारले आहे. मुलांत अशा चष्म्याचा उपयोग साध्या काचांपेक्षा अधिक दिसून आलेला नाही. चाळिशी लागलेल्या मोठ्या माणसांना मात्र तो आराम देऊ शकतो.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गातली काही मुले वाचनात फार मागे आहेत. त्यांच्या पालकांना व्हिजन थेरपी सुचवावी का? डिस्लेक्सिया त्याने बरा होतो असे ऐकले.

उत्तर : डिस्लेक्सियासाठी व्हिजन थेरपी सुचवू नका. डिस्लेक्सियाचे मूळ प्रामुख्याने भाषेच्या प्रक्रियेत असते. शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणे त्या मुलांना जड जाते. डोळ्यांच्या व्यायामाने ते बदलत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून हेच स्पष्ट केले आहे. याहून बोलका पुरावा २०१९ मध्ये आला. कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी असलेल्या, ९ ते १४ वर्षांच्या तीनशेहून अधिक मुलांना १६ आठवडे खरी किंवा खोटी थेरपी देऊन त्यांचे वाचन-आकलन तपासले गेले. खऱ्या थेरपीने डोळ्यांची मोजमापे अधिक सुधारली, पण वाचलेले समजण्याची क्षमता खोट्या थेरपीच्या गटापेक्षा अधिक वाढली नाही.

याचा अर्थ थेरपी व्यर्थ आहे असा नाही. डोके न दुखता, अक्षरे न हलता वाचता येणे हे स्वतःच मोलाचे आहे. पण वाचायला शिकवण्याचे काम थेरपी करत नाही, ते शिकवण्यानेच होते. पालकांनी पैसा आणि मुलाची उमेद थेरपीवर खर्च करावी आणि ज्या विशेष अध्यापनाची त्या मुलाला खरी गरज आहे ते दोन वर्षे लांबावे, हे नुकसान मला पाहवत नाही.

तुमच्यासारख्या शिक्षिकेला एक गोष्ट मात्र करता येईल, जी तपासणीच्या खोलीत कुणालाच करता येत नाही: मूल दिवसभर वाचताना पाहणे. मेळाचा दोष असलेले मूल साधारणपणे सुरुवातीला बरे वाचते आणि वेळ जाईल तसे बिघडत जाते. ते ओळ चुकते, डोळे चोळते, एक डोळा झाकते, मान तिरकी करते, आणि तेच तुम्ही वाचून दाखवले तर त्याला सगळे समजते. डिस्लेक्सिया असलेले मूल पहिल्याच शब्दापासून अडते, अक्षरे कितीही मोठी केली तरी अडते. दोन्ही दोष एकाच मुलात असू शकतात, म्हणून ही केवळ दिशा समजावी, निदान नव्हे. शेऱ्यात ‘लक्ष देत नाही’ याऐवजी ‘साधारण दहा मिनिटांनंतर एक डोळा झाकतो’ असे लिहिलेत, तर डॉक्टरांचे अर्धे काम तुम्ही केलेले असेल.

प्रश्न : माझे वय एकसष्ट आहे. मधुमेह आहे. चार दिवसांपासून अचानक एकाचे दोन दिसू लागले आहेत. कोणते व्यायाम करावेत?

उत्तर : कोणतेही नाहीत. हे छापून येईपर्यंत थांबावे लागू नये म्हणून तुम्हाला उत्तर स्वतंत्रपणे कळवले आहे. येथे ते इतरांसाठी देत आहे. एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबत असेल, तर डोळ्यांची दिशा बिघडली आहे. मोठ्या वयात हे अचानक झाले तर डोळा हलवणारी नस दुखावली असण्याची शक्यता असते. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची नेहमीची कारणे आहेत आणि तशा प्रसंगी काही महिन्यांत नस बहुधा पूर्ववत होते; पण मेंदूतील रक्तस्राव, पक्षाघात किंवा गाठ यांचीही सुरुवात अशी होऊ शकते. दुहेरी दिसण्याबरोबर पापणी खाली पडली असेल, एक बाहुली मोठी झाली असेल, तीव्र डोकेदुखी असेल, बोलणे जड झाले असेल किंवा हातपाय लुळे वाटत असतील, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यानंतर दुहेरी दिसू लागले तरीही हेच लागू आहे.

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याचा उजवा डोळा नाकाकडे वळतो. चष्मा, पट्टी किंवा शस्त्रक्रिया टाळून व्यायामाने तिरळेपणा घालवता येईल का?

उत्तर : या वयात आणि या प्रकारच्या तिरळेपणात व्यायामात वेळ घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डोळा आत वळणाऱ्या पुष्कळ मुलांना प्लसचा मोठा नंबर असतो. स्पष्ट दिसावे म्हणून भिंग जोर लावते आणि त्या जोराबरोबर डोळेही आत खेचले जातात. अशा मुलाला थेंब घालून काढलेल्या पूर्ण नंबराचा चष्मा लावला की डोळे सरळ होऊ शकतात. तेथे चष्मा हाच उपचार असतो. चष्म्यानंतरही उरलेल्या मोठ्या तिरळेपणाला शस्त्रक्रिया लागते.

दुसरी चिंता आळशी डोळ्याची आहे. वळलेल्या डोळ्याचे चित्र मेंदू सोडून देऊ लागतो आणि त्या डोळ्याची नजर विकसितच होत नाही. बालवयात एका डोळ्याला चित्र मिळाले नाही तर मेंदूतल्या जोडण्या कशा बदलतात, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वयात मेंदू जितका लवकर बिघडतो तितकाच लवकर सुधारतोही, म्हणून महिने मोलाचे असतात. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याची भीती बाळगू नका. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी ठरल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पट्टी अजिबात न मानणाऱ्या मुलासाठी चांगल्या डोळ्यात त्याची नजर तात्पुरती धूसर करणारे अ‍ॅट्रोपीनचे थेंब हाही पर्याय डॉक्टर देऊ शकतात. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे चित्र दाखवणारे खेळ आणि व्हिडिओ आता उपलब्ध होत आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावेत.

फोटोत मुलाची बाहुली पांढरी दिसत असेल तर मात्र आजच नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळ्याच्या आतल्या गाठीचे ते लक्षण असू शकते आणि तिरळेपणा कधीकधी तिच्यामुळेच सुरू होतो.

प्रश्न : मला लहानपणापासून तिरळेपणा आहे, आता वय सेहेचाळीस. एका शास्त्रज्ञ बाईंना पन्नाशीजवळ थेरपीने खोलीची जाणीव मिळाली असे वाचले. मलाही मिळेल का?

उत्तर : तुम्ही वाचले ते सुझन बॅरी यांच्याविषयी असावे. त्या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक आहेत. तान्ह्या वयापासून त्यांना तिरळेपणा होता, बालपणी शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि चाळिशी उलटून बराच काळ गेल्यावर, थेरपीनंतर त्यांना जग प्रथमच खोलीसह दिसू लागले. मोठ्या वयात मेंदू काहीच शिकत नाही, ही समजूत त्यांच्या अनुभवामुळे सैल झाली. पण एका व्यक्तीला मिळाले ते सर्वांना मिळेल असे नाही.

तुमच्या मेंदूने इतकी वर्षे एका डोळ्याचे चित्र दाबून ठेवले आहे, आणि त्यामुळेच तुम्हाला दुहेरी दिसत नाही. ते दाबणे व्यायामाने मोडले आणि दोन चित्रे एकत्र करण्याची क्षमता मात्र मुळातच नसली, तर कायमचे दुहेरी दिसत राहण्याचा धोका असतो, आणि तो उलटवणे फार कठीण जाते. म्हणून प्रिझमने किंवा सिनॉप्टोफोर या यंत्रावर दोन्ही चित्रे एकमेकांवर आणून, ती जुळतात की नाही हे अनुभवी ऑर्थोप्टिस्टकडून तपासल्याशिवाय असा एकही व्यायाम सुरू करू नका.

प्रश्न : डोळ्यांच्या व्यायामाने चष्म्याचा नंबर जातो का?

उत्तर : नाही. मायनस, प्लस किंवा सिलिंडरचा नंबर डोळ्याच्या गोलाची लांबी आणि त्याच्या पृष्ठभागाचा बाक यांवरून ठरतो. व्यायामाने त्या बदलत नाहीत. अमेरिकेतले नेत्रवैद्य बेट्स यांनी १९२० मध्ये उलट दावा केला आणि तो आजही फिरत असतो, पण त्याला आधार मिळालेला नाही.

प्रश्न : मुलाची थेरपी सुरू होऊन सहा महिने झाले. प्रत्येक वेळी ‘अजून काही बैठका घ्या’ असे सांगतात. कधी थांबावे हे कसे ठरवायचे?

उत्तर : थेरपी देणाऱ्यांना तीन आकडे लेखी मागा: सुरुवातीला डोळे किती सेंटिमीटरवर सुटत होते आणि आता किती, जुळवून धरण्याची राखीव क्षमता तेव्हा किती प्रिझम होती आणि आता किती, आणि लक्षणांच्या प्रश्नावलीतले गुण तेव्हाचे व आताचे. हे आकडे सुरुवातीला घेतलेच नसतील, तर उपचार कशावर चालला आहे हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आकडे सर्वसाधारण मर्यादेत आले असतील आणि मूल विनातक्रार वाचत असेल, तर थेरपी संपली. सहा महिन्यांत आकडे हलले नसतील, तर बैठका वाढवण्यापेक्षा निदान पुन्हा तपासायला हवे. नंबर बदलला आहे का, एक डोळा वर-खाली सरकतो का, घरचा सराव खरोखर होतो का, आणि एखादे औषध किंवा आजार याला कारण आहे का, हे पाहण्यासाठी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांचे मत घ्या. थेरपीने बऱ्या झालेल्या बहुतेक मुलांचा गुण वर्षभरानंतरही टिकून असल्याचे पाठपुराव्यात दिसले आहे, त्यामुळे ती जन्मभर चालू ठेवण्याची गरज नसते. थांबल्यावर सहा महिन्यांनी एकदा मोजमापे करून घ्या, आणि मधल्या काळात मूल पुन्हा एक डोळा झाकू लागले तर त्याआधीच जा.